हेलिकॉप्टरचा सालदार

पंधरा वर्षं मी नौदलात होतो आणि त्या पंधरा वर्षांत एकदाही हेलिकॉप्टर उडवलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी फसवलं म्हणायला नको. माझं काम डेकवरचं. हेलिकॉप्टर जहाजावर यायला लागलं की हातांच्या खुणांनी त्याला खाली घ्यायचं, टेकलं की चाकांना ठोकळे लावायचे, साखळ्यांनी डेकला जखडायचं. उडायच्या वेळी हेच सगळं उलट. जहाज सारखं डोलत असतं. न बांधलेलं हेलिकॉप्टर बघता बघता घसरतं आणि समुद्रात जातं. काम एवढंच. पण ते सोपं आहे असं माझ्या तोंडावर कोणी म्हटलं तर मी भांडतो. माझी बायको म्हणते, मी त्यासाठीच माणसं शोधत असतो.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी जहाजावर होतो. मागे आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धुळ्याच्या पाहुण्यांना छाती फुगवून सांगितलं, "मना पोऱ्या हेलिकॉप्टर चालाडस." पाहुणे खूश. सुपारी फुटली. मला यातलं काही ठाऊक नाही. मांडवात बायकोच्या मामांनी मला गाठलं. मामा धुळ्याचे, ट्रान्सपोर्टवाले, जिभेला हाड नाही. चारचौघांत मोठ्याने विचारलं, "काय जावईबापू, टेकऑफ घेताना पोटात गोळा येतो का?"

मी आपलं खरं ते सांगितलं. उडवत नाही, बांधतो.

मामा असे हसले की बँडवाले थांबले. "हात्तिच्या! गुरं बांधतात तसं? हाऊ ते हेलिकॉप्टरना सालदार निंघना!"

सालदार म्हणजे आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल संपतं आणि नवं सुरू होतं. खानदेशातली शेती सालदारांच्या जिवावर उभी आहे, पण मांडवात ते कोणाला आठवतं? सगळा मांडव हसला. आबा हसले नाहीत. ते फेट्याचा शेमला सारखा करत दुसरीकडे बघत बसले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या नोकरीबद्दल एक शब्द विचारला नाही. सुट्टीवर आलो की कपाशीचं बोलायचे, पावसाचं बोलायचे, धरणगावच्या बाजाराचं बोलायचे. समुद्राचं नाव नाही. मला याचं फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, आणि राग आला की मी जास्त बोलतो. तशी माझी ख्याती आहे.

निवृत्त होऊन मी जळगावला मेहरूणमध्ये घर केलं, पण आखाजी आली की पाय आपोआप गावाकडे वळतात. आमचं गाव धरणगावपासून जवळ. आखाजीला गावात खंडोबाच्या बारागाड्या निघतात. बारा बैलगाड्या एकामागे एक नाड्यांनी, म्हणजे जाडजूड दोरखंडांनी, बांधायच्या, त्यांत माणसं भरायची, आणि पहिल्या गाडीच्या जुवाला कंबर बांधून एकट्या भगताने त्या देवळापर्यंत ओढत न्यायच्या. बैल नाहीत. मागून ढकलणारे शंभर हात असतात, पण ते कोणी बोलून दाखवत नाही. बोलायचं असतं तर यात्रा कशाला? भगताचा मान आमच्या घराकडे. आबांच्या आधी त्यांच्या वडिलांकडे होता.

गेल्या वर्षी नाल्याच्या उतारावर गाड्या आबांना आवरल्या नाहीत. बारा गाड्या माणसांसकट मागून आल्या, ते पडले, आणि लोखंडी धावेचं चाक त्यांच्या पायावरून गेलं. जीव वाचला. पाऊल मात्र कायमचं वाकडं झालं, आता काठी लागते. तरी लोकांनी तशाच गाड्या देवळापर्यंत नेल्या, कारण बारागाड्या मध्येच थांबणं म्हणजे गावावर कोप. पडलेल्या माणसाला बाजूला ओढायचं, पण गाड्या थांबवायच्या नाहीत. ही आमची रीत.

यंदा मान धाकट्याकडे आला, माझ्या सख्ख्या भावाकडे. पोलीस ठाण्यातून निरोप आला होता की यंदा कोणाला ओरखडा जरी आला तरी पुढे परवानगी विसरा. गावात दोन तट पडले. अर्धे म्हणाले, बंदच करा. अर्धे म्हणाले, देव बघून घेईल. मायने चुलीपाशी बसून तिसरंच काढलं. "एकना पाय गया, आते दुसराना जीव जाई. मी त्या दिनले घरमाईन निंघाव नही." धाकटा हलवाई आहे, मऊ माणूस. रात्री जेवताना त्याने भाकरी कुस्करली आणि ताट तसंच सरकवलं, ते मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी पारावर बैठक बसली. मी उठून बोललो. प्रत्येक गाडीला दोन माणसं द्या, म्हटलं, एक या चाकाला, एक त्या चाकाला, हातात लाकडी ठोकळे. शेवटच्या गाडीला मागून एक नाडा बांधा आणि तो धरायला दणकट गडी द्या, गाडी पळाली की मागे ओढायला. पुढे मी उभा राहतो, माझ्या खुणेवर सगळं चालेल. ढोल-हलगीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. हेलिकॉप्टरच्या पंख्याखालीही येत नाही, म्हणून तर आम्ही हातांनी बोलायचो.

एक म्हातारबा म्हणाले, "सालदारनी बाता आयका!" सगळे हसले. आबा काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "देवन्या गाड्या, त्यास्ले ठोकया कसाले?"

मी म्हटलं, "आबा, देवाच्या आहेत म्हणूनच. देवाच्या सामानाला धक्का लागू देऊ नये."

हे कुठून सुचलं देव जाणे. शेवटी ठरलं की ठोकळे जवळ ठेवायला हरकत नाही, वापरायची वेळ येणार नाहीच. मी म्हटलं, चालेल. जहाजावरही अर्ध्या गोष्टी अशाच मंजूर होतात.

मग शाळेमागच्या मैदानावर रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली. ऊन उतरलं की गावातले तरणे गडी यायचे. कोणी ट्रॅक्टर चालवणारा, कोणी जिनिंगमध्ये कामाला, एक तर दीपनगरच्या वीज केंद्रातून सुट्टी काढून आलेला. मायच्या धुणं धोपटायच्या दोन मोगऱ्या मी पिवळ्या रंगाने रंगवल्या. माय ओरडली, पण मोगऱ्या तोवर वाळत घातल्या होत्या. दोन्ही मोगऱ्या आडव्या धरल्या म्हणजे चाल धीमी. डोक्यावर फुली केली म्हणजे थांबा, ठोकळे लावा. बाहेर झटकल्या म्हणजे ठोकळे काढा. शिकायला काय लागतं? पण रोज तेच तेच करायला गडी कंटाळतात. पाचव्यांदा फुली केली की कोणीतरी बिडी पेटवायचाच. म्हणून मी लालूच ठेवली: खुणा बिनचूक झाल्या तर शेवटी जहाजाची एक गोष्ट.

आबा रोज यायचे. मैदानाच्या कडेला बाज टाकून, आमच्याकडे पाठ करून बसायचे. तोंड शेताकडे. कान कुठे होते ते मला चांगलं माहीत होतं.

पहिल्या संध्याकाळी मी विचारलं, "विमानवाहू जहाजावरून लढाऊ विमानं उडायची असली तर सगळ्यांत आधी काय उडतं?"

"वैमानिकाची झोप," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"हेलिकॉप्टर उडतं, शहाण्या. विमानं उडायच्या आधी ते वर जातं आणि जहाजाच्या बाजूला, पाण्यावर, लटकून राहतं. दारात रबरी कपडे घातलेला पाणबुड्या पाय सोडून बसलेला असतो. एखादं विमान उडताना किंवा उतरताना पाण्यात गेलंच, तर वैमानिकाला काढायला तो उडी मारणार. सगळी विमानं सुखरूप परत आली की मग ते उतरतं. पहिलं उडणार, शेवटी उतरणार."

"तुमच्या वेळी किती जण काढले त्यानं?"

"मी होतो तोवर एकही नाही. वेळच आली नाही."

"मंग तो फुकटना पगार खास!" ट्रॅक्टरवाला म्हणाला.

असा संतापलो मी! "अरे गाढवा, तो तिथं बसलाय म्हणून बाकीचे बिनघोर उडतात. त्याला उडी मारावी लागली नाही हाच त्याचा पराक्रम. आणि ऐक, यंदा गाडीशेजारी ठोकळा घेऊन पळणारा तू कोण आहेस? तोच आहेस. तुझा ठोकळा कोरा परत आला तर पेढे वाट."

पोरगा ओशाळला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर होता.

मग रोज एक एक हेलिकॉप्टर निघायला लागलं. एकाच्या पोटाखाली मोठी रडारची जाळी उघडते. समुद्र सपाट, पण पृथ्वी गोल. जहाजाला क्षितिजापलीकडचं दिसत नाही. हे उंच चढतं आणि पाण्याला लागून येणारं शत्रूचं विमान लांबूनच हेरतं. हे त्यांना लगेच कळलं. ज्वारीत पाखरं हाकायला आपण माळा का बांधतो, उगीच? दुसरं एक असतं, ते पाण्यावर स्थिर उभं राहून तारेला बांधलेलं एक यंत्र खाली सोडतं, विहिरीत घागर सोडावी तसं. ते यंत्र पाण्याखाली कान लावून ऐकतं. पाणबुडी कुठे दडून बसली असेल तर तिच्या पंख्याचा आवाज येतो. मग घागर वर ओढायची, पुढे जायचं, पुन्हा सोडायची. पाणबुडी पळून पळून पळणार कुठे? वरचं तिला काही दिसत नाही आणि हे तिला सोडत नाही. या गोष्टीला टाळ्या पडल्या. आबांनी बाजेवर कूस बदलली, पण तोंड शेताकडेच.

माझी खरी माया मात्र लहान जहाजावर. विमानवाहू जहाज म्हणजे दावणीला ढीगभर जनावरं असलेला पाटील. लहान युद्धनौका म्हणजे एका बैलाचं घर. तिथं एकच हेलिकॉप्टर, आणि सगळं त्यानेच करायचं. सकाळी पाणबुडी शोधायची. दुपारी लांबवर दिसणारी अनोळखी नाव कोणाची ते बघून यायचं, संशय आला तर दोर सोडून कमांडो तिच्यावर उतरवायचे. कोणी आजारी पडलं तर त्याला उचलून किनाऱ्याच्या दवाखान्यात न्यायचं. येताना सुटे भाग आणायचे, टपाल आणायचं, शेजारच्या जहाजाला जाळ्यात लटकवून कांदे-बटाटे द्यायचे.

"म्हणजे बाजारबी करस!" जिनिंगवाला म्हणाला.

"बाजारही करतं. आणि एवढं सगळं करून ते उतरतं कुठे? जहाजाच्या मागच्या बाजूला, आपल्या खळ्याएवढ्या जागेत. आणि ते खळं हलतंय. वर जातंय, खाली जातंय, डावीकडे झुकतंय."

मग मी त्यांना तो दिवस सांगितला. पावसाळी समुद्र होता. आमचं हेलिकॉप्टर एका मालवाहू जहाजावरच्या आजारी खलाशाला घेऊन परत येत होतं. छातीत कळ आलेला माणूस, आमच्या जहाजावर डॉक्टर. जहाज असं लोळत होतं की डेकवर घसरू नये म्हणून पायाखाली अंथरलेलं जाळं सोडून कशाचाच भरवसा नव्हता. हेलिकॉप्टर मागून आलं, डेकच्या वर लटकून राहिलं, पायलट साहेब माझ्या हातांकडे बघतायत. समुद्राची एक गंमत असते. कितीही खवळला तरी दोन-तीन मोठ्या लाटा गेल्या की तो जरा दम खातो. त्या दमात उतरवायचं. मी थांबलो होतो त्या दमासाठी. पण तो आला नाही, उलट जहाजाची शेपटी एकदम वर उठली. मी हात झटकले. जा! पुन्हा फिरून ये!

साहेब गेले. आत मरणाच्या दारातला माणूस, टाकीत इंधन थोडं, तरी गेले. मोठा फेरा मारला, परत आले. या वेळी समुद्राने दम खाल्ला. मी हातांची खाली फुली केली, म्हणजे उतर, चाकं टेकली, आणि माझी पोरं पंख्याखालून वाकून पळाली, ठोकळे, साखळ्या, झालं. पुढची लाट आली तेव्हा हेलिकॉप्टर जहाजाचंच झालं होतं. तो खलाशी वाचला. स्वतःच्या पायांवर आपल्या देशाला गेला.

आणि पाठीमागून आवाज आला.

"तू साहेबले नही म्हनी दिनं?"

आबा बाजेवर वळून बसले होते. माझ्याकडे तोंड करून. मांडवातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्या नोकरीचं विचारलं होतं.

"हो आबा. डेकवर मी परत फिर म्हटलं की फिरायचं. साहेब असो की साहेबाचा साहेब."

"मंग साहेबले राग नही उना? परत फिरनं म्हनजे हार नही का?"

"हार कसली? फेरा मारून येणं ही रीत आहे. फेरा न मारता आपटणं ही हार."

आबांनी काठीने मातीत एक गोल फेरा ओढला. मग वळून पुन्हा शेताकडे बघायला लागले. धाकटा त्या दिवशी माझ्याशेजारी बसला होता. त्याने हळूच विचारलं, "दादा, मी पडलो तर?" मी म्हटलं, "तू पडलास तर मी मोगऱ्यांची फुली करीन." "आणि गाड्या थांबतील? लोक थांबवतील?" गडी खुणा शिकले होते, पण आईच्या दुधाबरोबर ते हेही शिकले होते की बारागाड्या थांबत नाहीत. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि विषय बदलला.

आखाजीच्या सकाळी मी आणखी एक हट्ट केला. जहाजावर उड्डाणाआधी सगळे खलाशी हाताला हात लावून एका रांगेत डेकवरून चालत जातात, मान खाली घालून. खिळा, खडा, सुतळीचा तुकडा, जे दिसेल ते उचलायचं. पंख्याने उडवलेला एक खडा इंजिनात गेला तर संपलं. मी म्हटलं, अनवाणी भगत धावणार आहे, वाट वेचून घेऊ. पुरुष मंडळी हसायला लागली, यात्रेच्या दिवशी खडे वेचायचे? मी एकटाच वाकलो. वेचत वेचत घरासमोर आलो तर माय उंबऱ्यात उभी. मी घरातून निघणार नाही म्हणालेली माय. तिने पदर खोचला, बाहेर आली आणि माझ्या शेजारी वाकली. मग शेजारची काकू आली, मग तिच्या सुना, मग बघता बघता बायकांची रांग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बाटल्यांच्या काचा, खिळे, बाभळीचे काटे, घोड्याचा नाल सुद्धा निघाला. पुरुषांना लाज वाटली, तेही आले. पारापासून देवळापर्यंतची वाट अशी स्वच्छ झाली की पुरणपोळी अंथरावी. ढोल वाजायच्या आधीच मला जिंकल्यासारखं वाटलं.

पण एक गोष्ट मला कोणी सांगितली नाही. धाकट्याचं पहिलं वर्ष, हलवायाचं अंग, पोराला जड जाऊ नये म्हणून प्रत्येक गाडीवाल्याने पहाटे उठून आपापल्या चाकाला ओंगण, म्हणजे आसाचं वंगण, घातलं होतं. जुनं पुसून, नवं, भरपूर. कोणी कोणाला बोललं नाही. प्रत्येकाला वाटलं, आपली एक गाडी हलकी गेली तर तेवढंच पुण्य. बारा गाड्या, चोवीस चाकं, सगळी तुपात घातल्यासारखी. तालमीतल्या गाड्या कुरकुरत जायच्या. या आवाज न करता चालल्या, आणि ते मला उशिरा कळलं.

दुपार कलली तेव्हा धाकटा हळदीने माखून आला. त्याने गाड्यांना प्रदक्षिणा घातली, जुवाला कंबर बांधली. दोन्ही बाजूंना त्याला धरून पळणारे दोन बगले. गाड्यांत बायका-पोरं, टपावर माणसं. मी पुढे, पण एका कडेला. ज्याला थांबवायचं त्याच्या वाटेत उभं राहू नये हा डेकवरचा पहिला धडा. आबांनी आपली खुर्ची नेमकी नाल्याच्या उतारावर टाकून घेतली होती, जिथं त्यांचा पाय गेला तिथंच. मी म्हटलं होतं, आबा, देवळापाशी बसा. त्यांनी ऐकलं नाही.

"येळकोट येळकोट जय मल्हार!" भंडारा उडाला आणि गाड्या हलल्या.

काय सुंदर चालला हो धाकटा! पारापासून शाळेपर्यंत मान ताठ, पाय एका लयीत. लोक वेडे झाले. मामा धुळ्याहून खास यात्रेला आले होते, तेही गाडीवर उभे राहून ओरडत होते. मग उतार लागला. मी मोगऱ्या आडव्या धरल्या, धीमे. मागच्या नाड्यावरच्या गड्यांनी टाचा रोवल्या, पण टाचा घसरायला लागल्या. चाकांचा आवाज नाही, आणि गाड्या येतायत. जू धाकट्याच्या पाठीला लागलं, एकदा, दोनदा. तो चालत होता तो धावायला लागला, धावत होता तो अडखळला. डावा बगल्या सुटला. धाकटा गुडघ्यावर आला.

मी मोगऱ्या डोक्यावर नेल्या आणि फुली केली.

गड्यांनी माझ्याकडे बघितलं. ठोकळे हातात, आणि हात जागच्या जागी. मागून म्हातारबा ओरडले, "थांबाडू नका! देव कोपी!" सगळ्यांचे डोळे एकाच माणसाकडे गेले. गावात बारागाड्यांचा शब्द एकाचाच.

आबा खुर्चीतून उठले होते. वाकड्या पावलावर सरळ उभे. एक हात त्यांनी वर केला, दुसऱ्या हातातली काठी त्यावर आडवी धरली. डोक्यावर फुली. अगदी मी शिकवली तशी. पाठ करून बसणारा माणूस!

चोवीस ठोकळे एकदम पडले. लाकडं करकरली, गाड्यांना हिसका बसला, वरची माणसं एकमेकांवर आदळली, आणि बारागाड्या थांबल्या. ढोल थांबले. मी पळालो. धाकटा पालथा पडला होता, आणि पहिल्या गाडीचं चाक त्याच्या कंबरेपासून वीतभर अलीकडे ठोकळ्यावर चढून अडलं होतं. तो ठोकळा कोणाचा होता सांगू? फुकटचा पगार म्हणणाऱ्याचा. तो ठोकळ्याला दोन्ही हातांनी कवटाळून तिथंच बसला होता आणि रडत होता.

बारागाड्या मध्येच थांबल्या होत्या. म्हातारबांनी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात आबा काठी टेकत, लंगडत गाडीपुढे आले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलले.

"कोनी तोंड पाडू नका. गाड्या थांबन्यात नहीत. एक फेरा व्हयना. आते उतरतीन."

आणि गर्दीतून मायचा आवाज आला, "ऊठ रे भो! देऊळ आजून दूर शे!"

धाकटा उठला. गुडघे फुटलेले, हळद मातीत मिसळलेली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी नाड्यावर आणखी गडी लावले, उतार संपेपर्यंत बोटभर सैल सोडायचा नाही असं बजावलं, आणि मोगऱ्या बाहेर झटकल्या. ठोकळे निघाले. या वेळी गाड्या धाकट्याच्या मागे आल्या, त्याच्या अंगावर नाही. उतार संपला, नाल्यावरची फरशी ओलांडली, चढ लागला, आणि मग गावानेच त्या उचलल्या असं म्हणा. देवळापुढे थांबल्या तेव्हा आकाश पिवळं झालं होतं. मला कोणी तरी खांद्यावर घेतलं. मी ओरडत होतो, काय ओरडत होतो कोण जाणे, बायको म्हणते मी जहाजाच्या खुणांचे हुकूम देत होतो.

बंदोबस्ताचे हवालदार वरण-बट्टीच्या पंगतीला बसले. जाताना म्हणाले, पुढच्या वर्षी हे ठोकळेवाले असणार असतील तर परवानगीला अडचण नाही. ओंगणाची गोष्ट तेव्हा बाहेर आली. बाराही गाडीवाले एकमेकांकडे बघून आधी लाजले आणि मग हसून हसून खोकले. मी मात्र सगळ्यांना शिव्या घातल्या. प्रेमाने घातल्या, पण घातल्या.

आबा माझ्या समोर बसले होते, शेजारी मामा. मामांनी बट्टी चुरत, सवयीने म्हटलं, "काय सालदार! थांबवल्या की गाड्या!"

पंगत हसणार होती. आबांनी ताटावरचा हात उचलला.

"पाव्हना, मी तुमले खोटं सांगेल होतं. मना पोऱ्या हेलिकॉप्टर उडाडत नही." सगळी पंगत थांबली. "त्याले थांबाडस. मोठा मोठा साहेब त्याना हातकडे देखतस."

मामांचा घास हातात राहिला. आबांनी माझ्या ताटातल्या बट्टीवर स्वतःच्या हाताने वरण वाढलं.

"आनि सालदार शे, ते शे. आज आखाजी शे ना? पुढलं साल बी त्यानंच."

मला रडू आलं. भर पंगतीत, सगळ्यांसमोर, आणि मी ते पुसलंही नाही.